लोण्याच्या रंगाची फिलोमेना

हाफ मून बे, कॅलिफोर्निया, १२ जून १९८८

चि. बेलार्मिनो यास अनेक उत्तम आशीर्वाद.

हॅनफर्डच्या उत्सवाहून निघताना तू बांधून दिलेला लसणीचा सॉसेज कालच संपला. मिरवणूक झकास झाली, पण तुझ्या नातीचा झगा! अरे, पवित्र आत्म्याच्या उत्सवाची राणी ती, अंगावर पांढरंशुभ्र हवं. तुझ्या सुनेला अख्ख्या बाजारात पिवळट साटीनच सापडलं का? तिथं मी तोंड मिटून बसले, एवढं तरी कौतुक कर.

आता खरी बातमी. सापडली रे, पिवळी साल्व्हिया सापडली! लाल-गुलाबी कोणीही काढतं. मोठ्या फुलांची, उन्हाला दाद न देणारी पिवळी मिळावी म्हणून बारा वर्षं मी एका फुलाचे पराग दुसऱ्याला लावतेय, हमिंगबर्डांनी मध्ये लुडबुड करू नये म्हणून फुलांना मलमलीच्या टोप्या घालतेय. यंदा एका रोपावर ताज्या लोण्याच्या रंगाची फुलं आली. आम्हा संकर करणाऱ्यांच्या रीतीप्रमाणे तेवढं एक ठेवलं आणि बाकीची सगळी उपटून खताच्या खड्ड्यात टाकली. दयामाया दाखवली की वाफाभर सामान्य रोपंच उरतात. शेजारची हॅरिएट त्यातल्याच एका रोपासाठी हटून बसली होती, म्हणे अंड्याच्या बलकासारखं सुंदर आहे. मला ते भडक वाटलं. नाही दिलं.

हिला आईचं नाव देणार, फिलोमेना. रोपवाटिकेचा मालक वसंतातल्या सूचिपत्रात छापायला तयार आहे, ऑक्टोबरात बघायला येईल. सोबत फांद्यांची कलमं पाठवतेय. तुमच्या तिथल्या उन्हाच्या भट्टीत टिकतात का बघ.

मुलाबाळांना पापे.
तुझी ताई, लिओनोर

हॅनफर्ड, २१ ऑगस्ट

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

कलमं जगली. गोठ्याच्या दक्षिणेच्या भिंतीशी लावलीत, एक पान करपलं नाही. फुललीही. पण ताई, फुलं पांढरी आहेत. उन्हानं रंग उडाला असेल म्हणून एक सावलीत लावलं, तेही पांढरंच. पाठवताना अदलाबदल तर नाही ना झाली? मला कळतं ते गाईंतलं, तेव्हा रागावू नकोस.

झग्याचं लिहिलेलं सुनेनं वाचलं. रडली बिचारी. साटीन पांढरंफेक होतं गं.

धाकट्यावरची माया पातळ होऊ देऊ नये.
तुझा बेलार्मिनो

हाफ मून बे, २८ ऑगस्ट

चि. बेलार्मिनो यास आशीर्वाद, मनात नसले तरी.

तुझं पत्र वाचून अंगाचा तिळपापड झाला. यंदाच्या रोपांतलं एकच उरलंय, तर अदलाबदल कशाशी व्हायची? आत्ता ते खिडकीत माझ्यासमोर आहे, लोण्यासारखं पिवळं. जन्मभर दूध बघून बघून तुला सगळंच पांढरं दिसायला लागलंय. पुन्हा असलं काही लिहू नकोस.

लिओनोर

हॅनफर्ड, ११ सप्टेंबर

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तू रागावलीस तरी लिहिणारच. मी फुलं पाद्रीबाबांना दाखवली, दुधाच्या टँकरवाल्याला दाखवली, रंग कोणता एवढंच विचारलं. सगळे पांढरा म्हणाले. मग तो झगा आठवला. ताई, दोष रोपाचा नाही आणि झग्याचाही नाही. आईला शेवटी शेवटी मीठ मक्याच्या पिठासारखं पिवळं दिसायचं आणि आपण दोघं हसायचो. मोतीबिंदू होता गं तो. मालक यायच्या आत डोळे दाखव. त्याच्यासमोर तुझी शोभा झालेली मला बघवणार नाही. मी ट्रक घेऊन रविवारी येतोय, दूध सून काढील. दार उघडलं नाहीस तर पायरीवर बसून राहीन.

तुझा बेलार्मिनो

हाफ मून बे, १९ ऑक्टोबर

चि. बेलार्मिनो यास अनेक उत्तम आशीर्वाद.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, पट्टी निघाली. अगोबाई, समुद्र एवढा निळा असतो? टॉवेल, उशा, माझे केस, सगळं पांढरं झालंय. मग धीर करून खिडकीपाशी गेले. तुझंच खरं. साधी पांढरी साल्व्हिया, दर तिसऱ्या अंगणात असते तसली.

हॅरिएटला विचारलं, ते बलकाच्या रंगाचं रोप खरंच पिवळं होतं का. ‘होतं’ म्हणाली आणि तिनं माझा हात धरला. बेलार्मिनो, ती मागत असताना मी ते उपटलं रे. खड्डा उकरून पाहिला, सगळं कुजून गेलंय. तिथंच बसून खूप रडले.

मालकाला येऊ नका म्हणून कळवलं. सुनेला सांग, झगा सुंदर होता, या म्हातारीला माफ कर. त्या रोपाचे आईबाप अजून वाफ्यात आहेत. वसंतात पुन्हा टोप्या घालीन, पण तेच पुन्हा निघेल याचा भरवसा नाही.

डॉक्टर डावा डोळाही लगेच करू म्हणतात. मी वसंतापर्यंत थांबा म्हटलंय. तू ओरडशील, ओरड. सकाळी कॉफी घेऊन मी खिडकीत बसते आणि उजवा डोळा हातानं झाकते. तो झाकला की लगेच फिलोमेना पिवळी होते, अगदी हवी होती तशी. थोडे दिवस मला ती बघू दे.

तुझी ताई