बिनबटनाचा कान

शनिवार, ११ जुलै १९९८

आज माझा कान सांगलीला जाऊन आला. मीही बरोबर होते, पण मला कोणी काही विचारलं नाही. डॉक्टर बोलले ते ऋषिराजशी. ऋषिराज माझा नातू, कराडला इंजिनिअरिंगच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो, शनिवार-रविवारी घरी येतो. त्याचा बाप नाथाजी, माझा मुलगा, फौजेतून रिटायर झालेला — तो मध्ये मध्ये "लय चांगलं, लय चांगलं" करत होता. कान माझा आणि माना डोलावणार हे दोघं!

काचेच्या खोलीत बसवलं. कानांवर टोपणं घातली. शिट्टी ऐकू आली की बोट वर करायचं म्हणे. सुरुवातीच्या शिट्ट्यांना केलं. मग कंटाळा आला. काही तर अगदी चिलटासारख्या. म्हटलं, असल्यांना काय बोट द्यायचं? नाही दिलं. डॉक्टर कागदावर रेघ ओढत होते, ती खाली खाली गेली. तशी या दोघांची तोंडंही खाली गेली. मग ती रेघ कॉम्प्युटरला सांगितली, कॉम्प्युटरनं यंत्राला सांगितली आणि यंत्र माझ्या कानामागे येऊन बसलं. शेंगेएवढं.

मी म्हटलं, याचं चाक कुठाय?

"चाक न्हाई, आई. बटन न्हाई, भानगड न्हाई! सगळं आपोआप!" — नाथा.

ऐकायची जुनी पेटी होती तिला चाक होतं. चोळीला आतून खिसा शिवला होता, त्यात ठेवायची. अंगठ्यानं फिरवलं की जग मोठं. उलटं फिरवलं की जग बारीक. शेजारची हरणाबाई गुडघ्यांवर बोलायला लागली की बारीक. नाथाची तोफ सुरू झाली की बंदच. आणि पेटी चालू की बंद, ते माझं मला ठाऊक. समोरच्याकडं बघून मान हलवली की झालं!

हे लिहिते आहे शिवांजली, ऋषीची बायको. गेल्या वर्षी सांगलीहून या घरात आली. मला अक्षर येत नाही. कारखान्यानं वाटलेली डायरी जानेवारीपासून कोरी पडलेली, म्हटलं मी बोलते, तू लिही. मी 'न्हाई' म्हणते, ही 'नाही' लिहिते. घेते चालवून.

रविवार, १२ जुलै

ऋषीचं सकाळपासून प्रवचन. कुठल्याशा मासिकाबरोबर चकचकीत तबकडी आलीय. लिनक्स का काहीतरी.

"आजी, कॉम्प्युटर चालवायचा प्रोग्राम आहे हा. पण बाकी कंपन्यांच्यासारखा कुलूपबंद नाही. आत काय चालतं ते कुणीही बघावं, नको ते बदलावं, शेजाऱ्याला वाटावं. याला मालक नाही. हे स्वातंत्र्य आहे, आजी!"

पटलं मला. खोटं कशाला बोलू? आमची चूल अशीच. धूर डोळ्यांत जायला लागला की मोडायची आणि दुसऱ्या अंगानं घालायची. शेजारणीला आवडली की ती बघून जायची आणि आपल्या घरी तशीच घालायची. चुलीचा मालक कधी कोणी ऐकलाय?

म्हटलं, मग आता माझं यंत्र उघड आणि आवाज जरा कमी कर. कालपासून डोकं उठलंय.

"ते वेगळं, आजी."

वेगळं कसं?

"ते बदलायला डॉक्टरांचा कॉम्प्युटर लागतो. कंपनीचा प्रोग्राम आहे, तो बाहेर कुणाला देत नाहीत."

म्हणजे कुलूपबंद?

"ते वेगळं गं!"

तेवढ्यात शिवांजली चहा घेऊन आली. तबकडी उलटीसुलटी करून बघितली, म्हणाली, "मला दाखवाल का एकदा, कसं चालतं ते?"

"तुला काय करायचंय त्यातलं?"

हा आमचा स्वातंत्र्यवाला!

इथं पोरीचं पेन थांबलं. म्हटलं लिही, तुझ्याबद्दल असलं म्हणून काय झालं? सांगलीला, हिच्या माहेराजवळच, वर्षाचा कॉम्प्युटरचा कोर्स आहे. हिला तो करायचाय. महिनाअखेरीला नाव घालायची मुदत संपते. ऋषीला विचारलं तर "बघू" म्हणाला. या घरातल्या पुरुषांनी 'बघू' म्हणून एखादी गोष्ट बघितल्याचं मी तरी बघितलेलं नाही.

आणि कराडला परत जाताना ऋषी माझी जुनी पेटी पिशवीत टाकून घेऊन गेला. "आत काय आहे ते उघडून बघतो." माझं उघडायला याला कोणाला विचारावं लागत नाही!

मंगळवार, १४ जुलै

ऋषीचा फोन आला. पेटी उघडली. आता मिटत नाही म्हणे. इंजिनिअर!

गुरुवार, १६ जुलै

नव्या कानाला काय काय ऐकू येतं — मांजर चालतं ते. तुरी भरडताना एकेक दाणा फुटतो तो. नाथा भाकरी खातो, तर ऊस मोडतोय असं वाटतं. परवा पातेलं पडलं आणि मी मेलेच होते. शिवाय पदर डोक्यावरून घेतला की हे यंत्र शिट्टी मारतं. या वयात!

नाथाला मात्र भारी कौतुक. बाजारात बैलाचे दात दाखवावेत तसा येईल त्याला माझा कान दाखवतो. आज सोसायटीचे चेअरमन भाऊसो आले होते. त्यांना पार गोठ्यापाशी उभं केलं. "हळू बोला काय तरी, आई हितनं सांगती." भाऊसो हळूच बोलले. मी ओरडून सांगितलं, "चहाला साखर कमी पडली म्हणताय!" भाऊसो लाल झाले. नाथा खूश.

पण एक गेलं. आता गावाला ठाऊक झालंय की माझा कान कायम उघडा. हरणाबाई बोलता बोलता मध्येच थांबते आणि विचारते, "साळूबाई, काय म्हणाले मी?" सांगावं लागतं! गुडघ्यांची परीक्षा द्यायची वेळ आली.

शिवांजलीला म्हटलं, रविवारचं वाचून दाखव. तिनं वाचलं. बरोबर वाटलं. पण ती कागदावरचं वाचत होती की मनातलं, ते मला काय कळणार? माझी वहीसुद्धा मला कुलूपबंदच. फरक एवढाच, की हे कुलूप मी निवडलंय.

हसू नको गं. हसलीस तेही लिही.

शनिवार, १८ जुलै

ज्या शिट्ट्यांना बोट दिलं नाही त्यांनी आज परतफेड केली. डॉक्टरांना वाटलं म्हातारी ठार बहिरी, म्हणून यंत्र एवढं तेज लावलंय. मी आत चुलीपाशी, बापलेक बाहेर सोप्यात, मध्ये भिंत. कुजबुजत होते. अगदी मांडीवर बसून बोलावं तसं ऐकू आलं.

"पंचमीला माहेरी जाऊ दे. चार दिसांनी आणायची. कोर्सबिर्स काय न्हाई. घरात बाईमाणूस नको व्हय?" — नाथा.

"मी कुठं हो म्हणालोय? बघू म्हणालोय. मुदत गेली की आपोआप मिटेल."

आपोआप! बटन नाही, भानगड नाही.

आणि घरात बाईमाणूस नको का म्हणे. नाथाची बायको गेली हे खरं. पण मग मी काय, खुंटीला अडकवलेली पिशवी?

पोरीला सगळं सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "अहो आजी, हे लिहू?"

लिही. तेवढं तरी तुझ्या हातात आहे.

रविवार, १९ जुलै

यंत्र काढलं. फडक्यात बांधून मिरचीच्या डब्यात ठेवलं. बघू कोण हात घालतंय ते. घरात जाहीर केलं — चाकाचा कान द्या, नाहीतर राहू दे.

नाथाचं तोंड बराच वेळ हलत होतं. मग ऋषीचं हललं. म्हटलं, ऐकू येत नाही, मोठ्यानं. परत हललं. मग हा आत गेला, कागद आणला आणि मोठ्या मोठ्या अक्षरांत लिहून माझ्यासमोर धरला.

माझ्यासमोर!

मी कागद इकडून बघितला, तिकडून बघितला. म्हटलं, अक्षर छान आहे हो बाळा.

सोमवार, २० जुलै

आज काहीच ऐकलं नाही. फार चांगला दिवस गेला.

बुधवार, २२ जुलै

नाथाच्या आवाजावर आज गल्ली जमली. माझ्यापर्यंत निम्मंच पोहोचलं, बाकीचं पोरीनं मागाहून कानाशी ओरडून सांगितलं. तिच्या भरवशावर लिहिते.

सकाळी नळाला पाणी आलेलं. दारासमोर बायकांची रांग. मी ओट्यावर बसले आणि नाथाला विचारलं, पोरीच्या कोर्सचं काय ठरलं?

त्यानं हातानं खूण केली — नंतर. म्हटलं, दिसतही कमीच हल्ली. बोल.

तो वाकून कानाशी बोलला. म्हटलं, काय?

अजून मोठ्यानं. म्हटलं, काय?

मग तोफखाना सुटला. "न्हाई जाणार ती!"

नळावरच्या साऱ्या माना वळल्या म्हणे.

का नाही जाणार?

"घरात बाईमाणूस पायजे!"

कशाला?

"भाकरी कोण करनार, भाकरी!"

हरणाबाईची घागर भरून वाहत होती, तिकडं तिचं लक्षच नव्हतं. म्हणाली, "आवं नाथाजी, फौजेत आख्ख्या पलटणीचं जेवान केलं म्हणून तुमीच सांगता न्हवं? मग घरच्या भाकरीला का भ्यालासा?"

बायका हसल्या. ते मात्र मला यंत्राशिवाय ऐकू आलं!

नाथा आत गेला तो बाहेर आलाच नाही. दुपारी भाऊसोंनी सोसायटीत विचारलं म्हणे, "सुनंला शिकवायचं न्हाई म्हणं तुमच्यात?" संध्याकाळपर्यंत देवळात, पिठाच्या गिरणीत, एसटीच्या थांब्यावर तोच विषय. कोणी नाथाच्या बाजूचे, कोणी पोरीच्या. कोणी तर आमची भाकरी कोणी करावी याची पाळीच लावून दिली.

घरातली गोष्ट होती, कुलूपबंद. आता आत काय चालतं ते सगळ्या गावाला दिसतंय, आणि जो तो बदल सुचवतोय. ऋषीला कळवा, तुझं लिनक्स आलं गावात.

शनिवार, २५ जुलै

नाथा जवळ येऊन बसला. दारं लावून घेतली आणि ओरडला, "आई, बाहीर तोंड काढायची सोय ठेवली न्हाईस. लोकं इचारत्यात, आईला मशीन आणलं आन् ती घालत का न्हाई? आता घाल बाई!"

म्हटलं, पोरगी पंचमीला जाईल ती परत आणायची नाही. कोर्स पुरा करेल. सणाला येईल, जाईल.

तो ऋषीकडं बघायला लागला. ऋषी तबकडीच्या पाकिटाकडं बघायला लागला.

मग नाथा परत ओरडला, "आन् तू मशीन घालशील? सकाळी उठल्यापासनं निजंपतूर? चाक चाक करनार न्हाईस?"

फौजेतला माणूस, बरोबर जागा बघून मारतो.

दात गेले. रान मुलाच्या नावावर झालं. काय खायचं ते डॉक्टर सांगतो, कुठं जायचं ते गुडघे सांगतात. माझं म्हणून एवढंच राहिलं होतं — कोणाचं ऐकायचं आणि कोणाचं नाही. अंगठ्याएवढं राज्य. तेही मागतोय.

पोरगी दारात उभी होती. तिनं नको म्हणून मान हलवली. ते मी बघितलं आणि मला रागच आला. हिनं का नको म्हणायचं?

म्हटलं, घालते.

आता ऋषीला तोंड फुटलं, तेही कानाशी येऊन. "तसा माझाही विरोध नव्हताच गं, आजी."

म्हटलं, ते वेगळं.

मिरचीच्या डब्यातून काढून कानाला लावलं. संध्याकाळपर्यंत कान झोंबत होता. यंत्र पुसायचं राहिलंच!

सोमवार, २७ जुलै

हिचा भाऊ न्यायला आलाय. बॅगा सोप्यात. पोरगी लिहिते आहे आणि नाक ओढते आहे. ते या कानाला एसटी सुरू होत नसल्यासारखं ऐकू येतंय. रड बाई, पण हळू रड.

तबकडी तिच्या बॅगेत घातली मी. ऋषीला विचारलं नाही. त्याला मालक नाही, शेजाऱ्याला वाटावी, असं त्यानंच सांगितलंय. तिथं गेलीस की आत काय आहे ते बघ. नको ते बदल. आणि कोणी "तुला काय करायचंय" म्हणालं, तर मला फोन कर. मला आता सगळं ऐकू येतं.

नाथा सकाळपासून कणीक मळतोय. भाकरीला! आत जाऊन सांगायला हवं. पुरे आता, गाडी चुकेल.

गुरुवार, ३० जुलै

आज लिहायला नाथाजी बसला आहे. यंत्र उत्तम आहे. नाथाजी उत्तम आहे. नाथाजीच्या हातची आमटीही उत्तम आहे. बाकी सांगण्यासारखं काही नाही.