रिकाम्या घरातला आकडा

सोलापूर, बुधवार, ७ मार्च १९७९

मन अजून प्रयोगशाळेतच आहे. मागाच्या धोट्याच्या फेऱ्या मोजणारा माझा प्रोग्राम आज नव्या प्रोसेसरवर प्रथमच चालवला आणि मोजणी भलतीच आली. प्रात्यक्षिक परीक्षेला चारच दिवस उरलेले. बिराजदार सर हसून म्हणाले, "नव्या चिपला जुनं कळत न्हाय, पोरी! पहिल्यापासून लिही की सगळं."

मग जुन्या आणि नव्या प्रोसेसरच्या पुस्तिकांतील आज्ञांचे तक्ते ताडून पाहिले; त्यांत प्रत्येक आज्ञेला एक घर, एक आकडा. प्रत्येक जुनी आज्ञा त्याच आकड्याला, त्याच अर्थाने जागेवर होती! नव्या आज्ञांनी जुन्या तक्त्यातली केवळ बारा रिकामी घरे घेतली होती. त्यांतली चार तर आणखी नव्या आज्ञांच्या तक्त्यांकडे नेणारी दारे. चिप बनवणाऱ्यांचा केवढा हा संयम!

मग चुकले कोण? पुढे भर घालता यावी म्हणून मीच प्रोग्राममध्ये जागोजागी जुन्या तक्त्यातल्या एका रिकाम्या घराचा आकडा पेरून ठेवला होता. जुना प्रोसेसर तो मुकाट ओलांडून जाई. पण तसे वचन पुस्तिकेत कुठे होते? आता त्या घरात नवी आज्ञा राहायला आली आहे.

"सर, चिपचं बरोबर आहे. चूक माझी आहे." हे मी सर्वांसमक्ष म्हणाले. एरवी वर्गात कधी तोंड न उघडणारी मी! त्या जागी पुस्तिकेतल्या 'काही करू नको' या आज्ञेचा आकडा घातला आणि मोजणी अचूक आली.

"व्हय की गं!" सर एवढेच म्हणाले.

ज्यांनी हा तक्ता वाढवला, त्यांना सोलापूर ठाऊकही नसेल. तरी माझी एकही नियमाने लिहिलेली ओळ त्यांनी मोडली नाही.