सुलभाताईंना कोणी काढलं?

मंगळवार, किहीम

आमच्या ग्रंथालयातल्या पोथ्यांचे स्कॅन सुलभाताई तपासतात. आज सर्व्हरवर मी त्यांना छपाईची परवानगी असलेल्या गटातही घेतलं, तर पोथ्यांचं फोल्डरच उघडेना. लगेच फोन.

"भाऊ, माझं काम नको असंल तर तोंडावर सांगा. गुपचूप काय काढता?"

काढलं कुठे, बाई? वाढवलं! पण गट देणारी usermod -G ही आज्ञा लिहिताना ‘जोड’ सांगणारं -a राहिलं, आणि त्याशिवाय युनिक्स जुने गट पुसून टाकतं. संस्कृत शिकलेला मी, ‘हाही’ म्हणायचं तिथे ‘हाच’ म्हणून बसलो.

दोन्ही गट दिले, लॉगआउट करून परत यायला सांगितलं.

"उघडलं. पण पुन्हा काढलंत तर?"

प्रश्न रास्त. त्यांना प्रशासकांच्या गटातही घेतलं, या वेळी जुने गट राखून. आता त्या मलाही काढू शकतात. काढणार का, विचारलं.

"बघू," म्हणाल्या.