रविवार आईला मिळण्याबाबत

प्रति,
मा. न्यायाधीश महोदय,
दिवाणी न्यायालय, रोहा.

अर्जदार: नूतन काळुराम ठाकूर, रा. रोहा
सामनेवाले: हरेश केरू म्हात्रे, रा. पेण

विषय: कु. किमया, वय नऊ, हिच्या भेटीच्या वारांची अदलाबदल करण्याबाबत.
संदर्भ: घटस्फोटाच्या वेळी झालेला ताबा व भेटीचा आदेश.

महोदय,

वरील आदेशानुसार किमया अर्जदाराकडे राहते आणि दर रविवारी सामनेवाले तिला पेणला नेतात. अर्जदार धाटावच्या एका कंपनीत पॅकिंगला आहे, सामनेवाले डोलवीला ठेकेदाराकडे. सामनेवाल्यांनी एकही रविवार चुकवलेला नाही. अर्जदाराची तक्रार तीच आहे.

रविवारी मुलीला कोणी लवकर उठवत नाही, पालेभाजी खायला लावत नाही, पाढे विचारत नाही. उवा, ताप आणि शाळेतल्या बाईंची बोलणी अर्जदाराच्या वाट्याला. गेल्या महिन्यात सोमवारी गणिताचा पेपर असताना मुलगी रविवारी दोन्ही हातांवर ओली मेंदी घेऊन परतली. अर्जदार रागावली, तेव्हा मुलगी म्हणाली, "पप्पा कधीच ओरडत नाय. तूच वाईट हायस."

दुसऱ्या दिवशी पेपर सुटताच अर्जदाराने दप्तर, गणवेश, उवांचे औषध पिशवीत भरले आणि मुलीला घेऊन एसटीने पेण गाठले. सामनेवाल्यांनी बनियनवरच दार उघडले.

"आज सोमवार हाय ना?"

"व्हय. म्हणूनच आणलीय."

"माझी सेकंड शिफ्ट हाय गो!"

"माझीबी होती," एवढे बोलून अर्जदार निघाली.

तो आठवडा सामनेवाल्यांनी मुलीची मोटारसायकलवरून पेणहून रोह्याच्या शाळेत ने-आण केली. कामावर खाडे झाले. गुरुवारी त्यांचा फोन आला. आधी ते मुलीवरच ओरडत होते, "जेव म्हटलं ना तुला!" मग अर्जदाराला म्हणाले, "घेऊन जा हिला. माझं काय ऐकतच नाय." अर्जदाराला एवढा आनंद स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता. "बघते," म्हणून तिने फोन ठेवला आणि मुद्दाम रविवार उजाडेपर्यंत गेली नाही.

ती पोहोचली तेव्हा किमया पायरीवर बसलेली होती. सकाळपासून तिथेच आहे, असे शेजारणीने सांगितले. आईला पाहताच ती अनवाणी धावत आली आणि कमरेला घट्ट बिलगली. सामनेवाले दाढी वाढलेल्या चेहऱ्याने दारात उभे होते. मुलीने त्यांना टाटासुद्धा केला नाही. ते अर्जदाराने डोळे भरून पाहिले.

घरी आल्यावर हे प्रेम सोमवारी सकाळी दुधाच्या पेल्यापाशी संपले. पुढच्या रविवारी मुलगी पुन्हा बापासाठी दारात जाऊन बसली.

सबब विनंती की, निदान हे शालेय वर्ष संपेपर्यंत मुलगी सोमवार ते शनिवार सामनेवाल्यांकडे व रविवारी अर्जदाराकडे राहावी. त्यांनी उवा काढाव्यात, पाढे घ्यावेत, त्यांचाही आवाज बसावा आणि पोरीने त्यांच्याही तोंडावर दार आपटावे.

अर्जदाराला मुलगी नकोशी झाली आहे, असा अर्थ कृपया काढू नये. घरातच असणाऱ्या बाईची वाट कोणी बघत नाही. अर्जदाराला आठवड्यातून एकदा बाहेरून यायचे आहे.

आपल्या निकालाकडे डोळे लावून,
नूतन काळुराम ठाकूर
रोहा, दि. ९ डिसेंबर २०२४