ओल्या गोणपाटाखालचा पियानो

रावेर,
ता. १८ एप्रिल १९५६

चि. कुंदा हिस आबाचे पोटभर आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक आहे. तुझ्या आईचा गुडघा बरा आहे. केळीचा माल चांगला निघाला, दोन वॅगनी दिल्लीला गेल्या. तू मुंबईत पाणी उकळून पितेस ना? विलायतेहून परत आलेल्या माणसाला इकडचं पाणी बाधतं, असं आपला गाडीवान लोटन सांगत होता. तो स्वतः भुसावळच्या पुढे कधी गेलेला नाही, पण मला घोर लागला.

जळगावच्या कार्यक्रमाआधी आठ दिवस घरी राहून सराव करणार, हे तुझं पत्र मी आईला तीनदा वाचून दाखवलं. चौथ्यांदा उघडलं तर म्हणाली, "पुरे करा आता, मले पाठ झालं."

व्हिएन्नाच्या वर्तमानपत्रातला तुझा फोटो शाळेतल्या मास्तरांनी चौकटीत बसवून दिला. खालचा मजकूर गावात कोणालाच वाचता येत नाही. फोटोत लोक उभे राहून टाळ्या वाजवताना दिसतात. मास्तर म्हणाले, "आबा, तिकडे उभं राहणं म्हणजे मोठा मान." मी म्हटलं, मग खुर्च्या कशाला मांडतात?

पियानो पोचला. स्टेशनवरून आणायला नऊ माणसं लागली. लोटनने बैलगाडी जुंपली होती. वाटेत मला विचारतो, "आबा, हत्ती तर आनला, ह्याले चारा काय घालू?" ओसरीवर ठेवला आहे. चांगला आहे.

सहज विचारतो, लाकूड एकदा ओलं झालं की पुन्हा पहिल्यासारखं होतं का?

तुझ्या आईला वाटतं मी हिशेबाचं पत्र लिहितोय. आता ती दळण घेऊन गेली आहे, तेवढ्यात लिहून टाकतो. तूच लिहिलं होतंस की पियानोला ऊन लागू देऊ नका, गरम हवेने लाकडाला चिरा जातात. आपल्याकडे चैत्रातलं ऊन तुला माहीत आहे. मी घाबरलो. आपण केळीचे घड कसे जपतो, तसंच केलं. खाली-वर केळीची पानं, त्यावर ओलं गोणपाट, आणि दिवसातून तीनदा पाणी शिंपडायचं. नऊ दिवस मी स्वतः शिंपडलं, गड्यांवर सोडलं नाही. दहाव्या दिवशी झाकण उघडून एक पट्टी दाबली, ती खालीच राहिली. दुसरी दाबली, तीही. अशा सात.

तुझी आई कपाळाला हात लावून म्हणाली, "अहो, केयाचा घड समजले का त्याले?"

शालिग्राम मिस्त्री रंधा घेऊन आला होता. मी त्याला ओसरीवर चढू दिलं नाही. भुसावळहून सूर लावणारा माणूस आणला. तो आधी हसला, मग माझं तोंड बघून थांबला. म्हणाला, "पानं काढा, पाणी बंद करा, आणि आता कृपा करून काळजी करू नका." तिसरी गोष्ट मला जमत नाही.

कुंदा, हा तोच पियानो आहे. तुला पियानो शिकवणाऱ्या ब्रिगांझा मडमनी तो गोव्याला जाताना तुला दिला, हे तू लिहिलंस, पण आधी एकदा त्यांनी तो पाठवला होता, ते लिहिलं नाहीस. तू पंधरा वर्षांची होतीस. मी स्टेशनवर गेलो आणि गाडीतून उतरूसुद्धा दिला नाही. म्हणालो, पाटलाच्या घरात गाण्याबजावण्याची पेटी नको. तू त्याच गाडीने मामाकडे गेलीस. त्याला अकरा वर्षं झाली, तेव्हापासून घरी आलीस तरी सकाळी येतेस आणि दुपारच्या गाडीने जातेस. तुझं ताट वाढायला आम्हाला एकच वेळ मिळते.

तेव्हा परत पाठवला, म्हणून या वेळी फारच जपायला गेलो. दुसरं काही कारण नाही.

पियानो बिघडला कळल्यावर तू सरावाला भुसावळला, रेल्वेच्या क्लबातल्या पियानोजवळ राहशील, म्हणून हे लिहायचं नाही असं आई आणि मी ठरवलं होतं. पण मग तू आल्यावर झाकण उघडणार, आणि मी तिथेच उभा असणार.

रोज सकाळी पुसून बघतो. परवा सात पट्ट्या अडकलेल्या होत्या, काल पाच, आज चार. आपलं ऊन काम करतंय. चार पट्ट्या सोडून वाजेल असं काही तुला येत असेल तर ते वाजव. व्हिएन्नात चालणार नाही, रावेरात कोणाला कळणार नाही. तसं काही नसेल तर वाजवू नकोस, नुसती आठ दिवस राहा.

लोटनची बैलगाडी घेऊन मी स्टेशनवर येतो. या वेळी घरी आणायला.

तुझी वाट बघणारा,
आबा