सत्तावीस धबधब्यांचा तुलनात्मक तक्ता

४ जून
डोळ्यांच्या डॉक्टरबाई आज फार स्पष्ट बोलल्या. इतकं स्पष्ट बोलायची काही गरज नव्हती. म्हणाल्या, हिचा काचबिंदू आता औषधांनी थोपवण्यासारखा राहिला नाही. कडेचं दिसणं गेलंच आहे. मधलं राहिलंय, नळीतून बघावं तेवढं. तेही थंडी संपेपर्यंत टिकलं तर नशीब. काय बघायचं असेल ते लवकर बघून घ्या.

रिक्षात हिला विचारलं, काय बघायचंय? वाटलं होतं विचार करून सांगते म्हणेल. लगेच म्हणाली, धबधबा. मोठा. अगदी समोर उभं राहून. लग्नाच्या वर्षी मी दाखवतो म्हणालो होतो म्हणे. सव्वीस वर्षं झाली त्याला. मला आठवत नाही, पण म्हणालो असेन तर दाखवणार. शब्द म्हणजे शब्द.

संकल्प: हिला या भागातला सर्वोत्तम धबधबा दाखवायचा. सर्वोत्तम. कुठला तरी नाही.

५ जून, सकाळ
नवं रजिस्टर आणलं. बावीस वर्षं खरेदी विभागात काढली, तीन कोटेशनं आल्याशिवाय कंपनीत टाचणी येऊ दिली नाही. बायकोच्या शेवटच्या धबधब्याला ढिलाई करू? शक्यच नाही.

रकाने आखले: उंची, पाणी, चाल, पायऱ्या, कठडा, शेवाळ, जळवा, स्वच्छतागृह. शंभरपैकी गुण. हिच्या शिलाई मशीनचं टेबल रिकामंच असतं हल्ली. सुईत दोरा जात नाही म्हणून तिने आल्टरची कामं घेणं बंद केलंय, मशीनवर झाकण. खिडकीजवळ उजेड चांगला येतो. तिथेच बसलो.

६ जून
रात्रभर विचार करून एक रकाना वाढवला: रुंदी. हिला नळीएवढंच दिसतं ना, मग रुंद धबधबा काय कामाचा? अर्धा वाया जाणार. अरुंद आणि उंच पाहिजे, म्हणजे नजरेत बरोबर बसेल. हे हिला सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली. कौतुकाने असावं.

११ जून
स्टोअरकीपरशी बोललो. आम्ही त्याला नटबोल्ट म्हणतो, कारण दिवसभर तेच मोजतो. हा माणूस दर रविवारी डोंगर चढतो. त्याला मी लेखी माहिती मागितली. तर तोंडी म्हणाला, साहेब, लिहायचं काय त्यात, या रविवारी वहिनींना घेऊन चला. दगडाच्या जुन्या खाणीमागे एक आहे, गाडीने चाळीस मिनिटं, चालायचं जेमतेम दहा मिनिटं.

उचलली जीभ लावली टाळ्याला. चाळीस मिनिटांवरची वस्तू चांगली असती तर आजवर मला कळली नसती का? पिकतं तिथे विकत नाही, हे खरं, पण इथे पिकतंय की नाही तेच माहीत नाही. नाकारला. कारण: अति जवळ.

२३ जून
मेव्हणी आली होती. हिची थोरली बहीण. नर्स म्हणून रिटायर झाली, पण जिभेला इंजेक्शनची सवय राहिली आहे. रजिस्टर चाळून म्हणाली, यातही तीन मतं घेणार का? डोळ्यांच्या वेळी घेतली तशी?

मी शांतपणे समजावून सांगितलं. पहिल्या डॉक्टरने लगेच ऑपरेशन सांगितलं होतं. लगेच म्हणणाऱ्यावर विश्वास कसा ठेवायचा? मग दुसरे, मग तिसरे, मग तिघांची तुलना. सात महिने लागले, मान्य. पण काम पक्कं झालं. शेवटी पहिल्याचंच बरोबर निघालं, पण ते तिन्ही मतं हातात आल्याशिवाय कळणार कसं होतं?

मेव्हणी हिच्या डोळ्यांत थेंब घालायला उठली. मुद्दा पटला.

७ जुलै
सत्तावीस नावं जमली. सगळीकडे म्हणे पाणी जोरात आहे. प्रत्येक जागेची आधी पाहणी करणार, मी एकटा. माल तपासल्याशिवाय ताब्यात घ्यायचा नसतो. हिला घरीच थांब म्हटलं.

आधी बूट. तीन दुकानं पाहिली. निर्णय बाकी.

२१ जुलै, रविवार, संध्याकाळ
पहिली पाहणी! क्रमांक ७. बूट नवे, उत्साह नवा. पायथ्याशी गाडी लावून उतरलो आणि पार्किंगमध्येच पाय घसरला. कमरेवर आपटलो. लोक हसले. हसू देत.

वर गेलो नाही. पण वेळ वाया घालवेन तो मी कसला? पायथ्याच्या चहाच्या टपरीवर बसून वरून येणाऱ्यांकडून फॉर्म भरून घेतले. अकरा फॉर्म. काही भिजले, पण वाचता येतात. म्हणजे मी धबधबा पाहिला नाही, पण पाहिलेल्या अकरा जणांची मतं घेतली. दोन डोळ्यांपेक्षा बावीस डोळे केव्हाही बरे.

यापुढे सगळ्या पाहण्या टपरीवरूनच करायच्या. कंबरही वाचेल.

४ ऑगस्ट
वाईट दिवस. मी क्रमांक १९ वरून घरी आलो (तेरा फॉर्म). हिने कौतुकाने चहा आणला आणि कप टेबलावर ठेवायच्या ऐवजी टेबलाच्या कडेच्या बाहेर ठेवला. हवेत. कप खाली, चहा रजिस्टरवर. पान १४ पूर्ण गेलं. जळवांचा सगळा हिशेब त्यात होता.

मी बोललो. जरा जास्तच बोललो. बघून ठेवत जा, असंही तोंडून गेलं.

ती फरशी पुसत होती. पुसता पुसता म्हणाली, येत्या रविवारी कुठेही जाऊया ना, कुठलाही चालेल. मी म्हटलं, अगं, शॉर्टलिस्ट होत आलीय. इतके महिने थांबलीस, आता पंधरा दिवसांसाठी घाई कशाला? ती बरं म्हणाली. समजूतदार आहे. चहा बराच लांब गेला होता. तिला दिसत नसल्यामुळे एकच जागा पुसत होती. मी पान १४ वाळवत होतो.

११ ऑगस्ट, रविवार
निवड समितीची पहिली बैठक, आमच्याकडे. सदस्य: मी (अध्यक्ष), मेव्हणी, नटबोल्ट. मी विषयपत्रिका वाचून दाखवली. विषय क्रमांक दोनवर येईपर्यंत दोघंही स्वयंपाकघरात हिच्याजवळ जाऊन बसले. बराच वेळ कुजबुज. मी हाक मारली तर गप्प. मेव्हणी म्हणाली, चालू द्या तुमचं, आमची हरकत नाही. ठराव एकमताने मंजूर.

१८ ऑगस्ट, रविवार, संध्याकाळ
क्रमांक २२ ची पाहणी. नऊ फॉर्म. त्यातल्या एकावर एका शहाण्याने फक्त 'काका, वर जाऊन बघा' एवढंच लिहिलंय. बाद केला.

घरी आलो तर ही नुकतीच बहिणीकडून परतली होती. केस ओले, कपडे ओले, चपला चिखलाने भरलेल्या. मेव्हणीकडे नळ फुटला म्हणे. केवढा फुटला असेल! पण ही मात्र खुशीत. केस पुसताना गुणगुणत होती. जेवताना दोनदा एकटीच हसली. लोकांचे नळ फुटतात आणि हिला हसू येतं. मी मेव्हणीसाठी तीन प्लंबरांचे नंबर लिहून दिले.

१९ ऑगस्ट
नटबोल्ट सकाळपासून शिंकतोय. विचारलं तर म्हणाला भिजलो. या वयात काळजी घ्यायला हवी, म्हटलं.

१५ सप्टेंबर
क्रमांक ७ आणि क्रमांक १९ यांच्यात फक्त अर्ध्या गुणाचा फरक! असल्या फरकावर निर्णय दिला तर उद्या कोणीही बोट दाखवेल. फेरमोजणी.

गंमत म्हणजे ही हल्ली धबधब्याचं नावच काढत नाही. माझ्यावर सोपवून निर्धास्त झाली असणार. विश्वास मोठी गोष्ट आहे.

१३ ऑक्टोबर
पाऊस थांबला. नटबोल्ट म्हणाला, साहेब, आता पाणी उतरेल. मी म्हटलं, उतरू दे. पाणी कमी म्हणजे शेवाळ कमी, शेवाळ कमी म्हणजे सुरक्षेचे गुण जास्त. उशिराचे फायदे उतावळ्यांना कळत नाहीत.

२६ नोव्हेंबर
तपासणी. आता हिला खिडकी कुठे आहे तेवढं कळतं. डॉक्टरबाईंनी हिचा हात हातात घेतला, मग माझ्याकडे वळून विचारलं, काही दाखवलंत का हिला? मी म्हटलं, निवड प्रक्रिया अंतिम टप्प्यात आहे. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांची बोलायची पद्धत मला पहिल्यापासून खटकतेच. आता न बोलायचीही खटकली.

येताना हिने माझा दंड धरला होता. घट्ट. मी दोनदा नाक शिंकरलं. हवा बदललीय.

१२ जानेवारी
निकाल! क्रमांक ७. एकाहत्तर गुण. एकूण दोनशे सहा फॉर्म, डोळ्यांत तेल घालून तपासलेले. रुंदीत पैकीच्या पैकी. मेव्हणीला फोनवर सांगितलं तर म्हणाली, वरातीमागून घोडं. मत्सर.

आता फक्त मला सुट्टीचा रविवार बघायचा.

९ फेब्रुवारी, रविवार
नेलं. शेवटी नेलं. कोणी म्हणू नये की नेलं नाही.

तीन तास गाडी. टपरी बंद होती. पार्किंगमध्ये आमचीच एक गाडी. चारशे बारा पायऱ्या. ही माझं कोपर धरून, मी प्रत्येक पायरी मोजून सांगत. तिला एकदाही लागू दिलं नाही. एवढं तरी मी केलं.

वर पोचलो. समोर काळा कातळ. कोरडा. मध्यभागी ओलीचा एक डाग, आणि खाली खड्ड्यात कोणीतरी टाकलेली पाण्याची बाटली.

दोनशे सहा लोकांनी लिहून दिलं होतं. पण सगळ्यांनी पावसाळ्यात. फॉर्मवर तारखेचा रकाना ठेवायचा राहिला.

ही म्हणाली, आलो का? मी हो म्हटलं. मग क्षणभरच विचार केला. दिसत तर नाहीच हिला. मग वाईट का वाटू द्यायचं? सांगायला सुरुवात केली. फॉर्म मला पाठ आहेत. दुधासारखा, म्हटलं. वरून एक धार, मध्ये दोन, खाली धुकंच धुकं. मला वाटतं मी चांगलं सांगितलं. माझा मलाच जवळजवळ दिसायला लागला.

सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, आणि आवाज?

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी म्हटलं, उंची इतकी आहे की खाली येईपर्यंत पाण्याची वाफ होते, आवाज उरत नाही. ती म्हणाली, अंगावर काही येत नाहीये. तेव्हा मी पिशवीतली बाटली काढली, झाकण हळूच उघडलं आणि तिच्या तोंडावर थोडं पाणी उडवलं. दोनदा.

तिने रुमाल काढून तोंड पुसलं. मग हसायला लागली. बराच वेळ हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मीही हसलो. का ते मला कळत नव्हतं.

मग तिने सांगितलं. ऑगस्टमधला तो रविवार. नळ फुटला नव्हता. ताईने आणि नटबोल्टने तिला खाणीमागच्या धबधब्यावर नेलं होतं. एक तास ती समोर उभी होती. एकदम सगळा दिसत नव्हता, म्हणून मान वर करून, मग हळूहळू खाली आणत, तुकड्या-तुकड्याने पाहिला. शंभरेक वेळा तरी पाहिला. शेवटी डोळे मिटून पाहिला, तरी तसाच दिसला. रोज तसाच दिसतो, म्हणाली.

मी विचारलं, मला का नाही बोलावलं? ती म्हणाली, तुम्ही पाहणीला गेला होतात. मग सांगितलं का नाही? तर म्हणाली, तुम्ही रजिस्टरात इतके रमला होतात. काढून घ्यायला नको वाटलं.

मग तिने विचारलं, सत्तावीसपैकी तुम्ही स्वतः किती पाहिले?

इथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो. एकही नाही. तिलाही तेच सांगितलं. तिने माझं कोपर चाचपडून शोधलं. चारशे बारा पायऱ्या उतरलो. उतरताना मोजायचं विसरलो, तर मध्येच तिचा पाय चुकला. पडली नाही. कोणाचा कोणाला आधार होता ते सांगता येणार नाही.

१० फेब्रुवारी
क्रमांक २८ नोंदवला: खाणीमागचा. अंतर चाळीस मिनिटं. नियमाप्रमाणे तीन मतं घेतली, ही, मेव्हणी, नटबोल्ट. तिघांचं एकच आलं. माझ्या बावीस वर्षांत असं झालं नव्हतं.

मेव्हणीला फोनवर म्हटलं, मला फार वाईट वाटतंय. ती म्हणाली, वाटू द्या.

नटबोल्ट म्हणतो तिथे आता पाणी नाही, जूनमध्ये येईल. संध्याकाळी ही खिडकीजवळ बसली होती. रजिस्टर मी उचललंय, टेबल रिकामं. मी जवळ जाऊन विचारलं, जूनमध्ये जाऊया का आपण, त्या खाणीमागच्यावर?

ती म्हणाली, मी पाहिलाय. तुम्ही जाऊन या.