काळीचं जुनं इंजिन

४ ऑक्टोबर
दसऱ्याचं कुंकू काळीच्या बॉनेटवर अजून तसंच. पुसवत नाही. यंदा पूजा करता करता सुधा थांबली. ताट हातात धरून मला विचारते, ''कोनाची गाडी व्हय ही?'' आपलीच, म्हटलं. ''मंग बरं,'' म्हणाली आणि उरलेलं कुंकू माझ्या कपाळाला लावून मोकळी झाली.
गाडीला नमस्कार मात्र न चुकता.

९ ऑक्टोबर
मीनूचा फोन. सु.ने घेतला, ''कोन बोलून राहिलं?'' म्हणाली, आणि फोन उशीवर ठेवून दिला. मी उचलला तेव्हा पोरगी पलीकडे रडत होती. ''पापा, आई मेरी आवाज़ भी नहीं पहचानती अब.'' डॉक्टर म्हणाले तेच पुन्हा सांगितलं, विसरण्याचा आजार आहे, वाढतच जाणार.
संध्याकाळी मिलमधून आलो. (रिटायर झालो तरी अर्धा दिवस बोलावतात, रोलिंग मिल जुनी, आजारही जुने, म्हणून वैद्यही जुना.) गल्लीच्या वळणावरून पाहिलं तर गेट उघडं, सु. कडीला हात लावून उभी. रोजच्यासारखी. लेकीचं नाव गेलं, पण माझी वाट पाहणं गेलं नाही. मनातून थोडा फुगलो, खोटं का लिहू.
लग्न झाल्यापासून घरासमोर हॉर्न एकदाच वाजवला. सु. नवी नवरी होती तेव्हा, तर केवढी फणकारली. ''हॉर्न पाहुन्याले लागते. तुमी काय पाहुने हाव का?'' तेव्हापासून मी वळणावर यायचं, तिने गेट उघडायचं.

१७ ऑक्टोबर
आजचं अक्षर वाचता येणार नाही.
सु.ला फिरवायला नेलं. गाडीत बसली की ती शांत होते, गुणगुणते सुद्धा. उरला औद्योगिक वस्तीच्या अलीकडे काळी धूर ओकून बंद पडली. मी बॉनेट उघडून आत डोकं घातलं. वर पाहिलं तर सीट रिकामी. दार सताड.
ट्रकांची ही रांग, धूळ, काही दिसेना. ओरडत पळत सुटलो. शेवटी सापडली, एका ट्रकवाल्याने हात धरून ठेवलेली. दोन ट्रकांच्या मधून चालली होती म्हणे. तिने त्याला सांगितलं, नागपूरला आईकडे जाते. तिची आई जाऊन किती वर्षं झाली.
त्या माणसाचं नावही विचारायचं राहिलं.

१९ ऑक्टोबर
मीनू म्हणते, ''पुरानी गाड़ी है पापा, छोड़ो ना. नई ले लो.''
नवीन गाडीत सु. बसत नाही, हे हिला कोण सांगणार. गेल्या दिवाळीत जावयाच्या गाडीत बसवायला गेलो तर खांब धरून रडली, अनोळखी माणसं पळवून नेतात जणू. काळीचं दार मात्र स्वतः उघडते, पदर आत ओढून घेते, मग दार लावते. सगळं विसरली, पदर अडकू नये हे विसरली नाही.
तेव्हा ठरलं. काळी तीच राहील. आतलं सगळं नवं.

२३ ऑक्टोबर
बीरगांवला रफीक भैयाच्या गॅरेजमध्ये दुपार गेली. माझ्या मिलमध्ये हेल्पर होता, तेव्हापासून काळीला हात त्याचाच. ठरलं ते असं: जुनं डिझेल इंजिन काढायचं, अपघातात गेलेल्या नव्या गाडीचं पेट्रोल इंजिन बसवायचं, गिअर आपोआप पडणारे. पॉवर स्टीअरिंग, एसी. दारांचं लॉक फक्त माझ्या हातात.
त्याला बजावलं, डोळ्याला दिसेल ते तिळभरही बदलायचं नाही. काळा रंग तोच. मरून सीट त्याच, तिच्या बाजूच्या सीटची उसवलेली शिवण सुद्धा राहू दे, ती बोटाने चाळत बसते. डॅशबोर्डवरचा गणपती जागेवर. रफीक हसला. ''भैया, शादी करा रहे हो क्या दोबारा?''
लग्नाच्या आधी घेतलेली गाडी. मिलच्या मालकाने विकायला काढली, मी नादात घेतली, पगार बघितला नाही. सु.ला नागपूरहून आणलं ते हिच्यातूनच. पाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या, बायका तिला चिडवायच्या, बाई, सवत तर आधीच येऊन बसली घरात. सु. म्हणायची, राहू दे, कमीत कमी हाक मारून तरी येते.

६ नोव्हेंबर
काळी रफीककडे, म्हणून स्कूटरवर जाणं-येणं. पाठ बोलते.
सु. गेटवर नसते हल्ली. दुलारी उघडते. (सकाळपासून सु.पाशी असते ती, जीव लावून करते.) स्कूटरवर राग असेल. तिला स्कूटर कधीच आवडली नाही, पदर उडतो म्हणायची.

२८ नोव्हेंबर
इंजिन निघालं. साखळीला लटकलेलं पाहिलं, त्याच्यावरून एकदा हात फिरवला. पण मेंटेनन्सचा माणूस मी, लोखंडासाठी रडत नाही.
अभनपुरचे एक शेतकरी, साहूजी, ते न्यायला गॅरेजवर आले होते. नाल्यावरून शेतात पाणी चढवायला पंपाला जोडणार म्हणे. सायलेन्सरही मागून घेतला, त्याशिवाय म्हशी बुजतात. सगळा संसार नीट ट्रॅक्टरमध्ये बांधून दिला.
रफीकने एकदा विचारलं होतं. ''रख लें क्या, भैया?''
मी म्हटलं, कशाला? भंगाराची जत्रा भरवायची आहे का?

२० डिसेंबर
गॅरेज. वेल्डिंग. इंजिनाच्या जुन्या बैठका कापून नव्या लावल्या. मोजमाप मी स्वतः घेतलं. काम झकास चाललं आहे.
सु. आज तीनदा आंघोळीला गेली. तिसऱ्यांदा मी बाहेर स्टूल टाकून बसलो. आतून म्हणाली, ''कोन हाय तिथं?'' मी आहे, म्हटलं. ''मी म्हंजे कोन?''

११ जानेवारी
आली काळी घरी!
काय सांगू, बॉनेटवर रुपया उभा ठेवावा. हू नाही की चू नाही. स्टीअरिंग एका बोटाने फिरतं. पेट्रोल पंपावर दोन पोट्टे फोटो काढून राहिले होते, ''अंकल, ये तो असली मसल कार है!'' मी कॉलर ताठ केली. वाटेत सु.साठी गजरा घेतला, बऱ्याच दिवसांनी.
वळणावर आलो. गेट बंद.
थांबलो. बाहेर येईल म्हणून काच खाली केली. एक म्हातारी शेळी ओढत गेली, मला पाहून हसली. मी तसाच.
शेवटी हॉर्न दिला. माझ्याच घरासमोर.
दुलारी धावत आली. आत सु. पलंगावर बसून विचारत होती, ''पाहा वं दुलारी, कोन पाहुने आले.''
गजरा फ्रीजमध्ये आहे.

१२ जानेवारी
मूड नसेल काल.

१६ जानेवारी
रोज तेच. आज दुलारीवर उगाच डाफरलो, वेळ झाली की बाईंना आठवण करून देत जा ना. बिचारी म्हणाली, ''बाबूजी, दाई घड़ी नइ देखय. गाड़ी मोड़ म आवय, त आवाज सुनके उठ जावत रिहिस.''
घड्याळ कधीच पाहत नव्हती ती. वळणावर गाडीचा आवाज आला की उठायची.
बसलोच मी पायरीवर. रंग राखला, शिवण राखली, गणपती राखला. कान विसरलो. सारा जन्म मशीनचा आवाज ऐकून दुखणं ओळखलं, बेअरिंग गेलं, गिअरचा दाता तुटला, सगळं आवाजावरून. आणि घरात जे एकच यंत्र अजून चालत होतं, ते काढून म्हशीवाल्याला देऊन आलो.
ती माझी वाट पाहत होती की त्या इंजिनाची, हाही विचार मनात आला. लाज वाटली. पण आला.

२० जानेवारी
मीनूने जुना व्हिडिओ शोधून पाठवला, गेल्या वर्षीचा, त्यात काळी सुरू होताना ऐकू येते. मोठा स्पीकर लावून सु.च्या खोलीबाहेर वाजवला. पुन्हा पुन्हा.
आतून आवाज, ''तुमचा मोबाईल वाजून राहिला न भाऊ, उचला.''
भाऊ म्हणाली मला.
लग्नाच्या आधी सुद्धा कधी म्हणाली नव्हती.

२ फेब्रुवारी
रफीककडे. जुनं इंजिन परत बसेल का? डोकं खाजवत राहिला. बैठका कापल्या, जुना गिअरबॉक्स भंगारात गेला. ''कोशिश कर सकता हूं भैया. वादा नहीं.'' मग हळूच, ''भाभीजी तब तक…'' एवढं म्हणून पाना शोधायला लागला. वाक्य पुरं केलं नाही ते बरं.
तिथून तडक अभनपुर. साहूजींच्या शेतात उन्हाळी धान लागलंय. बांधावर ते इंजिन, पत्र्याच्या छपराखाली, तेलपाणी वेळेवर. पोहोचलो तेव्हा साहूजी ते सुरूच करत होते. लांबूनच ऐकलं आणि डोळे भरून आले. थंडीत सुरू होताना अडखळतं तसंच, मग घसा साफ करून लागतं.
साहूजींना सगळं सांगितलं, इंजिन परत मागितलं. ते ऐकून घेत होते. ''हव बाबूजी. फेर धान कटे के बाद देखबो. अभी पानी इही ले चढ़त हे.'' कापणीनंतर बघू म्हणतात, रास्त आहे. त्यांचं पीक उभं आहे, माझ्यासाठी का वाळवतील?

१५ फेब्रुवारी
सु.ला घेऊन गेलो अभनपुरला.
शेताला बांबूचं फाटक आहे. आत बाभळीखाली खुर्ची टाकून बसवलं. शिवण नव्हती म्हणून पदराचं टोक चाळत होती. मी जवळ उभा. साहूजींनी हँडल मारलं.
इंजिन लागलं आणि सु. उठली.
अशी उठली की जणू कधी आजारी नव्हतीच. केस सारखे केले. पदर घेतला. फाटकाकडे निघाली, माझी बायको, तीच चाल. मी वाटेत उभा होतो, दोन्ही हात पुढे केले असतील बहुधा. तिने मला हाताने बाजूला केलं.
''सरका न भाऊ. गेट उघडू द्या. आमचे हे येऊन राहिले.''
फाटक उघडून उभी राहिली. रस्त्याकडे बघत. ऊन चढलं. मी तिच्या मागे उभा.
कोणीच आलं नाही. इंजिन बंद झाल्यावर सुद्धा थोडा वेळ थांबली. मग फाटक लावलं, कडी नीट बसली का ते पाहिलं. ''आज आले नाही,'' म्हणाली. कुणाला नाही, कडीलाच.

१६ फेब्रुवारी
मिलमध्ये गेलो नाही.

२१ फेब्रुवारी
मीनूला सांगितलं. ती मराठीत म्हणाली, लहानपणानंतर पहिल्यांदाच, ''बाबा, तुम्ही फाटकाच्या आत काहून उभे होते?''
बाहेरून यायचं, हे मला सुचलंच नव्हतं.

१ मार्च
सु.ला बाभळीखाली बसवलं, दुलारी सोबत. मी गाडी लांब उभी केली आणि पायी, बांधाला वळसा घालून रस्त्यावर आलो. मिलचा खाकी शर्ट घातला होता, मुद्दाम. कॉलर दोनदा नीट केली, नागपूरला मुलगी पाहायला गेलो तेव्हाही एवढी केली नव्हती. हात वर केला. साहूजींनी हँडल मारलं.
चालत निघालो. फाटक उघडत होतं.
ती उभी होती, कडीला हात. माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडेच.
''लई उशीर केला आज,'' म्हणाली. ''हात धुऊन घ्या, पोळी गरम हाय.''
बांधाकडे गेलो, पंपाच्या धारेखाली हात धरले आणि धूत राहिलो. पाणी गार होतं. इंजिनाच्या आवाजात माझं रडणं कुणाला ऐकू गेलं नाही, एवढी सोय झाली. ती मागे टॉवेल नाही म्हणून पदर पुढे करून उभी. मी पुसले हात त्याला.
साहूजी खुणेने विचारत होते, बंद करू? शेत भरून पाणी बांधावरून वाहायला लागलं होतं. राहू द्या, म्हणालो. राहू दिलं त्यांनी. मग पलीकडचा शेतकरी ओरडायला लागला, त्याच्या वाफ्यात पाणी शिरत होतं. मीच मान हलवली.
बंद झाल्यावर तिने पदर ओढून घेतला. ओला का झाला म्हणून पाहत बसली.
धान कापणीला येईपर्यंत दर रविवारी जायचं ठरलंय. कापणीनंतर साहूजी काय म्हणतात, रफीकला जमतं का, आणि तोवर तिला तो आवाज तरी राहील का… एवढंच विचारत असतो स्वतःला, आज ते पण नको.
परत येताना पुढच्या सीटवर बसली, शिवणीत बोट. गाडीचा आवाज नाही, एसीची हवा. घरी सोडायला निघालेल्या भल्या माणसाशी बोलावं तसं, अदबीनं विचारलं, ''भाऊ, तुमच्या घरी कोन कोन हाय?''
''बायको आहे,'' म्हटलं.
''मंग जा लवकर. वाट पाहून राहिली असन.''
हो, म्हटलं.
वळणावर आलो. हॉर्न दिला नाही. उतरून गेट मीच उघडलं.